पैसे भरून रांग टाळायची का? नवरा म्हणतो, हा तर वशिलाच

पत्र:

ताई, मी तुमच्यापेक्षा लहान आहे, तर अगं-तुगंच करा. आम्ही पाच जण जूनमध्ये अमेरिकेत ओरलँडोला चाललोय. मी, नवरा, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा (उंची १०५ सेंटिमीटर, कालच मोजली) आणि सासूबाई, त्या ६८ च्या आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. चार वर्षं पैसे बाजूला टाकतोय तेव्हा कुठे हे जमतंय. एक दिवस डिस्नेचं मॅजिक किंगडम आणि एक दिवस युनिव्हर्सल, दोन्ही मोठमोठ्या राइड्सची पार्कं, बस. तिकिटं काढायला बसलो तेव्हा कळलं की रांगेत उभं राहायचं नसेल तर वेगळे पैसे भरून पास घ्यायचा असतो. मी म्हटलं घेऊया, एवढ्या लांब जाऊन दिवसभर रांगेत काय उभं राहायचं. तर नवरा म्हणाला मी नाही घेणार, हा वशिलाच आहे फक्त त्याला रेट लावलाय, आणि आपण मुलांना रोज सांगतो ना की मध्ये घुसायचं नाही. दोन आठवडे घरात हाच विषय आहे. मुलगी रोज मॅजिक किंगडममधल्या ट्रॉन राइडचे व्हिडिओ बघते. सासूबाई म्हणतात माझ्यावर खर्च करू नका, मी बाहेर बाकड्यावर बसेन. ताई, पास घेणं चुकीचं आहे का? आणि घ्यायचा तर किती जणांचा?

उत्तर:

अगं, आधी तुझ्या नवऱ्याबद्दल बोलते, कारण तो उगाच आडमुठेपणा करतोय असं मला अजिबात वाटत नाहीये. त्याने जे पकडलंय ते बरोबर पकडलंय, आणि तू पास घेतलास तरी ते बरोबरच राहणार आहे, म्हणून ते नीट समजून घेऊन मग काय ते ठरव.

असं बघ, राइडमधल्या खुर्च्या पासमुळे वाढत नाहीत. एखादी राइड तासाला १५०० माणसं बसवते असं धर. तुझ्या पुढे ५०० माणसं उभी आहेत. सगळ्या जागा तुमच्याच रांगेला मिळाल्या तर वीस मिनिटांत तुझा नंबर येतो. पण त्यातल्या तासाला १००० जागा पासवाल्यांना दिल्या तर तुमच्या रांगेला उरतात ५००, म्हणजे तीच रांग, तेवढीच माणसं, आणि एक तास. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, प्रत्येक राइडचं प्रमाण वेगळं असतं आणि दिवसभरात बदलतंही, पण आत हेच चालतं. पासवाल्याची वाचलेली चाळीस मिनिटं हवेत विरत नाहीत, ती बिनपासवाल्याच्या पायात जातात. आणि सगळ्यांनीच पास घेतला तर पासची रांगच मोठी होते आणि कोणाचंच काही वाचत नाही. तो विकला जातो तो मुळात बाजूची रांग हळू चालते म्हणूनच.

मी हे जवळून बघितलंय. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या पार्कमध्ये, नाव नको, माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती, आम्ही सव्वा तास साध्या रांगेत होतो आणि शेवटी दोन्ही रांगा जिथे एक होतात त्या ठिकाणी पोचलो. तिथे एक मुलगा उभा असतो, कर्मचारी, हाताने थांबवतो आणि सोडतो, बाकी काही नाही. आम्ही अगदी पुढे होतो म्हणून मला सगळं दिसत होतं, मी मोजायलाच लागले. त्या बाजूने वीस सोडले. मग आमच्याकडचे चार. मग परत तिकडचे अठरा. त्याचा तळहात आमच्या तोंडासमोर, आणि पलीकडून माणसं चालत येतायत, थांबतसुद्धा नाहीयेत, गप्पा मारत येतायत. लेकीने विचारलं त्यांना का आधी सोडतात. मी म्हटलं त्यांनी जास्त पैसे भरलेत. ती म्हणाली मग आपले कमी पडले का. मला काही सुचलं नाही, मी म्हटलं पुढे सरक. आजही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण तिने नीट प्रश्न विचारला होता आणि मी नीट उत्तर दिलं नाही. ते उत्तर काय असायला हवं होतं ते मी तुला खाली सांगणारच आहे, तुला लागेल ते.

डेव्हिड मेस्टर म्हणून व्यवस्थापनाचे अभ्यासक आहेत, त्यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबणाऱ्या माणसाच्या मनाबद्दल लिहिलं होतं. रिकामं उभं राहिलं की वेळ लांबतो, कारण माहीत नसलं की लांबतो, एकट्याने थांबलं की लांबतो, आणि अन्याय होतोय असं वाटलं की तर लांबतोच. घड्याळात तेवढीच मिनिटं असतात. तुझ्या नवऱ्याला जे खुपतंय ते हेच आहे, की आपण दुसऱ्या कोणाची तरी अशी मिनिटं वाढवणार.

आता तुझी बाजू. वशिला म्हणजे काय, तर आतून ओळख लावायची, बाहेरच्याला पत्ता नाही, दर माहीत नाही, मागून येऊन पुढे. इथे तसं नाहीये. दर उघडा आहे, कोणीही घेऊ शकतो, पासवाल्यांचं दार वेगळं आहे, आणि तिकीट काढतानाच तुला मला सगळ्यांना माहीत असतं की अशी सोय आहे. तू कोणाला फसवत नाहीयेस. रांगेत मध्ये घुसणारा माणूस नियम मोडतो, पासवाला पार्कने केलेल्या नियमाने जातो. नियम चांगला आहे का हा प्रश्न वेगळा, आणि तो पार्कला विचारायचा, पाच वर्षांच्या पोराला उन्हात तिष्ठत ठेवून तो सुटणार नाहीये.

आणि पार्कमध्ये पैसा काही आजच आला असं नाही. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं त्याच वर्षी तिथे तिकिटांची पुस्तकं आली, ए, बी, सी अशी, म्हणजे साध्या राइडला साधं तिकीट आणि भारी राइडला भारी, १९५९ मध्ये त्यात ई तिकीट आलं ते सगळ्यात मोठ्या राइड्सचं. एकदा पैसे भरा आणि आत काहीही बसा ही पद्धत तिकडे पक्की झाली ती १९८२ मध्ये. पण एक फरक बघ, त्या पुस्तकांच्या काळात ई तिकीट घेतलेली सगळी माणसं एकाच रांगेत उभी असायची. पैशाने राइड मिळायची, दुसऱ्याच्या पुढची जागा मिळत नव्हती. मग १९९९ मध्ये फास्टपास आला, तो फुकट होता, राइडशेजारच्या मशीनमध्ये आपलं तिकीट घालायचं, वेळ छापलेली चिठ्ठी यायची, त्या वेळेला परत यायचं. सगळ्यांना सारखा. लवकर उठणाऱ्याला थोडा जास्त फायदा, एवढंच. ओरलँडोमध्ये तो पुढे ॲपवर गेला आणि २०२१ मध्ये बंद झाला, त्याच वर्षी त्याच्या जागी पैसे भरून घ्यायचा पास आला, माणशी दिवसाला १५ डॉलरपासून. २०२४ च्या जुलैमध्ये त्याचं नाव लायटनिंग लेन मल्टी पास झालं, दर आता तारखेप्रमाणे आणि पार्कप्रमाणे बदलतो आणि गर्दीच्या दिवशी त्या १५ च्या दुपटीच्याही वर जातो. त्याच वर्षी प्रीमियर पास म्हणून अजून एक काढला, त्यात वेळ ठरवावी लागत नाही, पास असलेल्या प्रत्येक राइडला एकेकदा कधीही जा, आणि तो सुरू झाला तेव्हाच दिवसाला १२९ पासून ४४९ डॉलरपर्यंत होता, एका माणसाचा. त्याच्याकडे तू बघूसुद्धा नकोस, तुमच्या चार वर्षांच्या बचतीचा तो मार्ग नाही.

म्हणजे जी गोष्ट वीसेक वर्षं सगळ्यांना सारखी फुकट मिळत होती तीच आता विकत आहे. तुझा नवरा म्हणतो त्यातली खरी चीड ही आहे आणि मला ती पूर्ण पटते. तरी माझं मत सांगू? तुम्ही एकदाच जाणार आहात. पास घे. पण दोन्ही दिवस नको आणि पाचही जणांना नको. आणि यात कोणाचं मन राखायचं म्हणून अर्धं-अर्धं करत नाहीये मी, तुझ्या मुलाची उंचीच हे ठरवतेय.

मॅजिक किंगडममध्ये बऱ्याचशा राइड्सना उंचीची अटच नाही, म्हणजे पाच वर्षांचं मूल तिथे दिवसभर काही ना काही बसू शकतं. आणि नेमक्या या लहान मुलांच्या राइड्सच्या रांगा हळू चालतात. पीटर पॅन्स फ्लाइट घे, १९७१ पासूनची राइड, छोट्या छोट्या नावा, एकेका नावेत दोन-तीन माणसं, तासाला बसून बसून किती बसणार, त्यामुळे ती रांग दिवसभर साचलेलीच असते. अशा ठिकाणी पासचा खरा उपयोग होतो. तुझा मुलगा १०५ चा आहे ना, मग सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७ लागतात तिथे तो बसेल, टियानाज बायू ॲडव्हेंचरला १०२ लागतात तिथेही बसेल, स्पेस माउंटनला ११२ लागतात, तिथे नाही. म्हणजे त्याच्यासाठी घेतलेला पास वाया जाणार नाही. तर मॅजिक किंगडमला मल्टी पास, चौघांचा.

तो कसा घ्यायचा ते नीट सांगते कारण इथेच लोक पैसे भरून फसतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणार असाल तर सात दिवस आधीपासून घेता येतो, बाहेर राहणार असाल तर तीन दिवस आधी, दोन्हीकडे ओरलँडोच्या वेळेने सकाळी सातला सुरू होतं, तो गजर आदल्या रात्री लावून ठेव. आधी तीन राइड्स निवडायच्या असतात, आणि सगळ्या मोठ्या राइड्स एकदम उचलता येत नाहीत, मोठ्यांतली एकच मिळते, ती तू पीटर पॅन घे असं मी म्हणेन. वेळ मिळतो एका तासाचा, त्या तासात कधीही जायचं. तिन्ही राइड्सच्या वेळा होतील तेवढ्या सकाळच्या घे, कारण पहिली वापरली की लगेच फोनवर चौथी घेता येते, ती वापरली की पाचवी, दुपारच्या वेळा घेऊन बसलीस तर अर्धा दिवस तसाच जातो. आणि पास आहे म्हणजे रांगच नाही असं नसतं हं, दहा-पंधरा मिनिटं तिथेही थांबावं लागतं, मुलांना आधीच सांगून ठेव. जूनमध्ये तिकडे दुपारी विजा-पाऊस येतो आणि बाहेरच्या राइड्स बंद ठेवतात, तेव्हा तुझी वेळ असेल तर पैसे परत मिळतील अशी आशा ठेवू नकोस, बहुतेक वेळा दुसऱ्या राइडला किंवा नंतर वापरायला देतात.

ट्रॉन आणि माइन ट्रेन मात्र या पासमध्ये येत नाहीत. ट्रॉनचा सिंगल पास वेगळा घ्यावा लागतो, त्या एकाच राइडचा. उंची १२२ लागते, तुझी मुलगी बसेलच. तो दोघांचाच घे, तिचा आणि तिच्या बाबांचा. इथे कदाचित तो म्हणेल मी साध्या रांगेत उभा राहतो तिच्याबरोबर, तर राहू दे. खरंच राहू दे. ११ वर्षांची मुलगी आणि बाप, दीड तास एका जागी, फोन पिशवीत, आणि शेवटी ती राइड जिचे व्हिडिओ ती रोज बघतेय, हे काही कमी नाही. तुला ते आत्ता वेळ फुकट घालवणं वाटेल. लेकीच्या त्या प्रश्नाचं सोडलं तर आमच्या त्या सव्वा तासातलं मला बाकी सगळं गोडच आठवतं, आम्ही समोरच्या माणसाच्या शर्टावरचे पक्षी मोजले होते, सेहेचाळीस होते.

सकाळी पार्क उघडायच्या आधी गेटवर असा, हे मी पासइतकंच महत्त्वाचं मानते. पहिल्या तासात रांगा लहान असतात, डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तर अर्धा तास आधी सोडतात, त्या वेळात माइन ट्रेन उरकून घ्या. आणि रात्री पार्क बंद व्हायच्या मिनिटभर आधी जरी रांगेत शिरलात तरी ते तुम्हाला बसवूनच सोडतात, तेव्हा बोर्डावर लिहिलेली वेळ बघून मागे फिरू नका, ती बऱ्याचदा जरा वाढवूनच लावलेली असते.

आता युनिव्हर्सल. तिथे एक्सप्रेस पास असतो, त्याला वेळ ठरवायची भानगड नाही, त्या दाराने जायचं, साधा घेतला तर पास चालतो ती प्रत्येक राइड एकदा, अनलिमिटेड घेतला तर कितीही वेळा. सोय छान आहे पण महाग आहे, गर्दीच्या दिवशी तो तिकिटापेक्षाही जास्त होतो. आणि मुलाची उंची इथे आडवी येते. हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडच्या मोटरबाइकला १२२ लागतात, फॉरबिडन जर्नीला १२२, वेलोसिकोस्टरला १३०, एस्केप फ्रॉम ग्रिंगॉट्सला १०७, म्हणजे दोन सेंटिमीटरसाठी तो तिथेही राहणार. सासूबाई तर यातलं काहीच बसणार नाहीत. म्हणजे पाच एक्सप्रेस घेतलेस तर दोन सरळ पाण्यात गेले, आणि तिसराही, कारण मुलाजवळ तुमच्यापैकी एक जण कायम बाहेर असणार.

त्याऐवजी तिथे दोन गोष्टी फुकट आहेत त्या वापर. एक चाइल्ड स्वॅप. लहान मुलामुळे एक पालक बाहेर राहतो ना, तर सगळे मिळून एकदाच रांग लावायची, वर एक खोली असते तिथे एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, आणि मग पहिला परत रांग न लावता बसतो. तुझी मुलगी बहुतेक दोघांबरोबर दोनदा बसून घेईल, तिची मजा आहे. डिस्नेलाही हे आहे, त्याला रायडर स्विच म्हणतात, तिथे मात्र मुलाजवळचा माणूस रांगेबाहेर थांबतो आणि दाराशी आधी सांगून ठेवावं लागतं. दुसरं म्हणजे सिंगल रायडर. राइडमध्ये एखादी खुर्ची रिकामी राहते ती भरायला एकट्या माणसांची वेगळी रांग असते, ती बऱ्याचदा पटकन सरकते, फक्त शेजारी अनोळखी माणूस असतो. हॅग्रिड, फॉरबिडन जर्नी, ग्रिंगॉट्स तिन्हीकडे ती आहे. बाप-लेक जाऊ शकतात, बसताना वेगळे बसतील एवढंच. मॅजिक किंगडममध्ये ही सोय नाहीये, म्हणून तिथे पास आणि इथे हे. फॉरबिडन जर्नीला मात्र एकदा तरी साध्या रांगेनेच जा, ती हॉगवर्ट्सच्या वाड्यातून जाते, भिंतीवरची चित्रं बोलतात, डम्बलडोरची खोली लागते, ती रांगच बघायची गोष्ट आहे.

अजून एक, हे फार लोक विचारात घेत नाहीत. युनिव्हर्सलची पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक ही तीन हॉटेलं आहेत, तिथे राहिलं की खोलीतल्या सगळ्यांना एक्सप्रेस अनलिमिटेड फुकट मिळतो, जुन्या दोन पार्कांसाठी, २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्या नव्या पार्कसाठी नाही. आणि ज्या दिवशी हॉटेलात येता आणि ज्या दिवशी सोडता ते दोन्ही दिवस धरतात. पाचांचे पास विकत घेण्याचा विचार अजूनही डोक्यात असेल तर आधी त्या तारखेला एका रात्रीचा खोलीचा दर बघ, कधीकधी खोलीच स्वस्त पडते. पाच जण एका खोलीत चालतात का ते मात्र फोन करून विचारून घे. पण तुमच्या उंचीच्या हिशोबाने मला तरी गरज वाटत नाही.

तर युनिव्हर्सलचा दिवस तुझ्या नवऱ्याच्या पद्धतीने होऊ दे, रांगेत, सगळ्यांबरोबर.

आता सासूबाई. तुझ्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच वाक्य टोचलं, मी बाहेर बाकड्यावर बसेन. अगं, आपल्या बायकांना ही सवयच असते, खर्च निघाला की पहिलं आपलं नाव कापायचं. त्यांचा पास नको घेऊस, ते त्यांचं बरोबर आहे, पण म्हणून दिवसभर पिशव्या सांभाळायला त्यांना नेऊ नका. मॅजिक किंगडममध्ये कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस आहे, १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी केलेला खेळ, थिएटरसारखं बसायचं, आत गार असतं, वीसेक मिनिटं, रांग बहुतेक नसतेच. मिकीज फिलहारमॅजिक आहे, तेही बसून बघायचं. इट्स अ स्मॉल वर्ल्डची बोट आहे, तीही मूळ त्याच मेळ्यासाठी केलेली राइड, त्यात तुम्ही पाचही जण एकत्र बसू शकता, ते आवर्जून करा. पीपलमूव्हर बसायला फार छान, पण वर जाताना सरकता चढ आहे आणि चालत्या पट्ट्यावरून गाडीत बसावं लागतं, गुडघ्यांचं बघून ठरवा.

तुझ्या मनात आलं असेल की गुडघ्यांमुळे त्यांना रांग टाळायचा फुकटचा पास मिळेल का, बरेच जण हे विचारतात. नाही मिळणार. डिस्नेचा तसा पास आहे, डीएएस म्हणतात, पण २०२४ मध्ये त्यांनी नियम आवळले, आता तो मुख्यतः ऑटिझम किंवा तशा प्रकारच्या अवस्थेमुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबणं शक्यच नाही अशांसाठी आहे. कोणी म्हणेल थोडं वाढवून सांगा, तर ते करू नकोस, ज्या आईला तो खरोखर लागतो तिला त्याची झळ बसते. सासूबाईंसाठी व्हीलचेअर भाड्याने घ्या, आत शिरल्याशिरल्या मिळते, बहुतेक रांगांतून ती जाते. रांग कमी होणार नाही पण गुडघे वाचतील. त्या नको म्हणतील, मी काय एवढी म्हातारी झाले का म्हणतील, तर तू आग्रह धरू नकोस, त्यांच्या मुलाला सांगायला लाव.

आणि आता मुलांना काय सांगायचं, ते मी मघाशी ठेवलं होतं. मॅजिक किंगडमला पासच्या दाराने आत जाताना तुझा मुलगा किंवा मुलगी विचारणारच, ते लोक का थांबलेत. तेव्हा आपण हुशार आहोत म्हणून असं सांगू नकोस, आणि घाई आहे चल असंही नको. सरळ सांग, आपण जास्त पैसे भरलेत म्हणून आपल्याला आधी सोडतायत, आणि त्यामुळे त्यांना जरा जास्त थांबावं लागतंय, आणि उद्या आपण त्यांच्या जागी असणार आहोत. मुलांना हे कळतं. त्यांच्याकडे बघून हात हलवायचे नाहीत, पळायचं नाही, तोंडं वेडीवाकडी करायची नाहीत, हे दारात शिरायच्या आधी सांगायचं. दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सलला त्यांच्या तोंडासमोर तो तळहात येईल तेव्हा त्यांना आदल्या दिवशीचं आठवेल, आणि तेव्हा ते जे बोलतील ते तुम्ही दोघांनी ऐका, मध्ये बोलू नका.

नवऱ्याला हे उत्तर वाचायला दे, पण बघ ताई काय म्हणतायत असं म्हणून नको. आधी त्याला म्हण की तुझं म्हणणं मला कळलं. कळलं नसेल तर वरचा तो १५०० चा हिशोब परत वाच.

मुलाची उंची जायच्या आठवड्यात बूट घालून परत मोज, ते सहसा बुटासकट मोजतात, ग्रिंगॉट्सचे ते दोन सेंटिमीटर कदाचित भरतील. आणि सासूबाईंना आज संध्याकाळीच विचार, त्यांना काय बघायचंय ते. पहिल्यांदा काही नको म्हणतील. परत विचार.